गालिब मेला, हे गालिबनंच कसं सांगितलं?

सकाळी मोबाईल उघडला की ‘सुप्रभात’च्या गुलाबाखाली दोन ओळी असतात आणि त्यांच्याखाली नाव असतं गालिब. त्यातल्या बऱ्याच ओळी त्याच्या नसतातच, त्याकडे पुढे वळू. पण ज्या खरोखर त्याच्या असतात, त्यांनीही माणूस बुचकळ्यात पडतो. कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात गझलेचा कार्यक्रम लागला, की मध्यंतराच्या चहाला एक प्रश्न हमखास कानावर येतो: “पहिल्या शेरात देव, दुसऱ्यात मुंडकं उडवलंय, तिसऱ्यात स्वतःचंच नाव घेऊन म्हणतोय की मी मेलो. ह्यात धागा कुठाय?”

प्रश्न रास्त आहे. आपले कान अभंगावर, लावणीवर, भावगीतावर तयार झालेले. तिथं कविता एक विषय धरते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. गालिब मात्र पाच-सात मिनिटांत प्रेम, मरण, सौंदर्य आणि ‘मी’ अशा चारही पेठा फिरून येतो. त्याची ही फिरती समजून घ्यायला उर्दूचं पांडित्य लागत नाही. गझलेची बांधणी कशी असते आणि तिच्यात कवीचं नाव कुठं बसतं, एवढं कळलं तरी पुष्कळ उलगडतं.

माणसाची ओळख थोडक्यात. मिर्झा असदुल्ला बेग खान. जन्म आग्र्यात, 27 डिसेंबर 1797. तेराव्या वर्षी लग्न, मग दिल्लीत मुक्काम आणि दिल्लीतच 15 फेब्रुवारी 1869 रोजी मृत्यू. आयुष्यभर पेन्शनसाठी भांडण, डोक्यावर कर्ज, 1847 मध्ये जुगारापायी तुरुंगवास आणि 1857 ची दिल्ली डोळ्यांदेखत.

आधी साजाकडे बघा

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफांच्या पेठेत, कुठल्याही पेढीवर कोल्हापुरी साज मांडलेला दिसेल. परंपरेनं त्याची पानं 21 धरतात. चंद्र, कमळ, बेलपान, शंख, कासव, भुंगा, मासा, वाघनख असा प्रत्येकाचा आकार निराळा. मासा आणि वाघनख शेजारी-शेजारी का, असं कुणी विचारत नाही, कारण दोन पानांमध्ये तेच ते गोल मणी येतात आणि त्यांच्यामुळे सगळा दागिना एक दिसतो.

गझल तशीच असते. साजाचं एक पान म्हणजे एक शेर. शेर दोन ओळींचा आणि अर्थानं स्वतःपुरता पुरा. आगापिछा ठाऊक नसला तरी तो कळायला हवा. मण्यांचं काम करतात दोन गोष्टी. शेराच्या शेवटी जो शब्द जसाच्या तसा परत येतो तो रदीफ, आणि त्याच्या आधी जो यमकाचा शब्द बदलत जातो तो काफिया. पहिल्या शेरात हे दोन्ही दोन्ही ओळींत येतात आणि त्यावरून ऐकणाऱ्याला नियम कळतो. त्या शेराला मतला म्हणतात. पुढच्या शेरांत ते फक्त दुसऱ्या ओळीत येतात. शेवटच्या शेरात कवी आपलं टोपणनाव गुंफतो, तो मक्ता.

एवढे पाच शब्द पुरे.

म्हणजे चहाच्या वेळी विचारलेला धागा असतो, पण तो विषयाचा नसून नादाचा असतो. विषय मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. तो तसा सोडल्यामुळेच कवीला एका दमात देवापासून मुंडक्यापर्यंत जाता येतं.

शेराच्या आत काय चालतं ते तालमीतल्या माणसाला लगेच उमगेल. पहिली ओळ म्हणजे खडाखडी: अंदाज घेणं, हात झटकणं, पवित्रा. दुसरी ओळ म्हणजे डाव. मुशायऱ्यात, म्हणजे शायरांच्या मैफलीत, पहिली ओळ दोन-तीनदा म्हणतात ती उगाच नव्हे. रदीफ सगळ्यांना माहीत असतो, काफियाचा अंदाज श्रोते मनात बांधू लागतात. कोणता डाव पडणार हे जवळजवळ कळलेलं असतं, तरी तो नेमका कसा बसेल हे कळलेलं नसतं. तो बसतो त्या क्षणी खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानासारखी आरोळी उठते. पहिल्या ओळीतच सगळं सांगून टाकणारा शेर पडतो तो यामुळे. त्याच्याजवळ दुसऱ्या ओळीसाठी डाव उरलेला नसतो.

चार वेळा लगागागा

आता एक गझल जवळून बघू. गालिबच्या दीवानात, म्हणजे निवडक गझलांच्या संग्रहात, ती जेमतेम तीन शेरांची आहे. तिचा मतला असा:

न था कुछ तो खुदा था, कुछ न होता तो खुदा होता
डुबोया मुझ को होने ने, न होता मैं तो क्या होता

रदीफ ‘होता’. काफिये ‘खुदा’ आणि ‘क्या’. अर्थ साधारण असा: काहीच नव्हतं तेव्हा देव होता, काहीच नसतं तरी देव असता. मला बुडवलं ते माझ्या असण्यानं. मी नसतो, तर काय झालं असतं?

ठेका बघायचा तर टेबलावर बोटं वाजवा. एक हलका ठोका, मग तीन जड: ल-गा-गा-गा. हलक्याची एक मात्रा, जडाच्या दोन, म्हणजे एका तुकड्याच्या सात. असे चार तुकडे, ओळीला 28 मात्रा. ‘न था कुछ तो / खुदा था कुछ / न होता तो / खुदा होता’. मराठी छंदशास्त्रात या वृत्ताला वियद्गंगा म्हणतात आणि मराठी गझलेत ते सर्रास वापरतात.

इथं मराठी वाचक एका ठिकाणी अडखळतो. आपण ‘को’, ‘तो’ म्हणजे गुरू असंच मोजायला शिकलेलो. मग दुसऱ्या ओळीत ‘डुबोया मुझ / को होने ने / न होता मैं / तो क्या होता’ मोजताना ‘को’ आणि ‘तो’ जड होतात आणि ठेका मोडल्यासारखा वाटतो. मोडलेला नसतो. उर्दूत असे छोटे शब्द गरजेप्रमाणे आखूड उच्चारायची मुभा आहे. मराठीत ती नाही, लिहिलं तसं मोजायचं. पहिल्या ओळीतला ‘तो’ दोन मात्रांचा आणि दुसऱ्यातला एका मात्रेचा, यात काही चूक नाही.

या मोजमापाचा कोल्हापूरशी जुना संबंध आहे. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन 1928 पासून 1939 मध्ये मृत्यू येईपर्यंत इथल्या राजाराम कॉलेजात शिकवत होते. विषय फार्सी. त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ 1927 मध्ये आला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती दहा वर्षांनी. ‘गज्जलांजलि’ 1933 ची. फार्सी वृत्तांची चाल मराठीच्या अंगाला कशी बसवायची, याचा पाया त्यांनी घातला. गंमत अशी की हेच गृहस्थ पुढं भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि मराठीतले फार्सी शब्द निवडून बाहेर काढू लागले. गझलेचा ठेका मात्र त्यांनी हद्दपार केला नाही.

प्रेम: ढेपेवरची माशी आणि काकवीतली माशी

प्रेमाबद्दल गालिबचा सगळ्यात गाजलेला शेर बहुधा हा:

मोहब्बत में नहीं है फर्क जीने और मरने का
उसी को देख कर जीते हैं जिस काफिर पे दम निकले

ठेका तोच, वियद्गंगेचा. रदीफ ‘निकले’. सगळा डाव ‘दम निकले’वर आहे. ‘दम निकलना’ म्हणजे प्राण जाणं आणि एखाद्यावर जीव ओवाळून टाकणंही. मराठीला हे समजावून सांगायला नको, आपला ‘जीव’ही हेच करतो. जीव जडतो, जीव लागतो, जीव टाकतात, जीव देतात आणि जीव जातो. शब्द एकच, क्रियापद बदललं की माणूस जिवंत किंवा खलास. ‘काफिर’ हा इथं शिवी किंवा धर्माचा शेरा नाही. ज्याला दयामाया नाही असा प्रिय माणूस, एवढाच अर्थ.

एवढ्यावर थांबलं तर गालिब प्रेमात बुडालेला कवी वाटतो. त्याची पत्रं वाचली की चित्र बदलतं. हातिम अली मेहर या मित्राची प्रेयसी वारली तेव्हा गालिबनं त्याला लिहिलं, की तरुणपणी एका जाणत्या माणसानं मला शिकवलंय: खडीसाखरेवरची माशी हो, मधावरची होऊ नको. आपल्या भाषेत सांगायचं तर करवीरच्या गुऱ्हाळात जाऊन बघा. घट्ट झालेल्या ढेपेवर बसलेली माशी गोडी चाखते आणि उडून जाते. काकवीत पडलेली माशी गोडीतच मरते. गालिब म्हणतो, मी ढेपेवरचा.

मात्र त्याच मित्राला लिहिताना तो तरुणपणच्या एका गाणारीची आठवण काढतो. आम्हा मुघल पोरांची तऱ्हाच अशी, ज्याच्यावर मरतो त्याला मारून ठेवतो, असा विनोद करतो आणि लगेच कबूल करतो, की तिचं मरण आयुष्यभर विसरणार नाही. म्हणजे उपदेश ढेपेचा, पाय काकवीत. हे ढोंग म्हणून सोडून देता येतं, पण मग त्याच्या शेरांतलं निम्मं हातातून जातं. प्रेम करणारा गालिब आणि त्याची थट्टा करणारा गालिब हे दोघं एकाच ओळीत बसलेले असतात, आणि त्यातला एक झाकून वाचलं की शेर सपाट होतो.

सौंदर्य: दिसलं ते थोडं

सब कहाँ, कुछ लाला-ओ-गुल में नुमायाँ हो गईं
खाक में क्या सूरतें होंगी कि पिन्हाँ हो गईं

‘लाला-ओ-गुल’ म्हणजे लाला हे लाल फूल आणि गुलाब, मधला ‘ओ’ म्हणजे ‘आणि’. ‘नुमायाँ’ म्हणजे उघड दिसणारं. ‘पिन्हाँ’ म्हणजे झाकलेलं. ठेका वेगळा: गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा, 26 मात्रांचा. मराठीत देवप्रिया.

पहिल्या तीन शब्दांकडे लक्ष द्या. ‘सब कहाँ, कुछ’. सगळे कुठले, काहीच! स्वल्पविरामाशी न थांबता वाचलं तर अर्थ जातो. पावसाळा सरताना मसाई पठारावर फुलं येतात, आपण फोटो काढतो आणि ‘काय सुंदर’ म्हणतो. गालिब तिथं उभा असता तर त्यानं मातीकडे बघितलं असतं. मेलेल्यांपैकी काहींचे चेहरे फुलं होऊन वर आले. सगळे आले नाहीत. मग जे खालीच राहिले, ते चेहरे कसे असतील? त्याच्या लेखी डोळ्यांना दिसणारं सौंदर्य ही नुसती शिल्लक आहे, आणि तिच्यावरून आपण हरवलेल्या मूळ रकमेचा अंदाज बांधतो.

कारागिरी अशी, की ‘दिसलेलं’ आणि ‘लपलेलं’ हे दोन उलटे शब्द त्यानं एकमेकांचं यमक केले. अर्थ सांगायचं काम काफियानं केलं.

मरण: 1277 ची बेरीज

या माणसाला मरण पुस्तकातून कळलेलं नव्हतं. वडील आणि काका लहानपणीच गेले. सात मुलं झाली, एकही जगलं नाही. बायकोचा भाचा आरिफ याला मुलासारखं मानलं, तो 1852 मध्ये ऐन तारुण्यात वारला. मग 1857.

असा माणूस मरणावर लिहील तर आपण रडण्याची अपेक्षा करतो. गालिबनं हिशेब मांडला.

अरबी-फार्सी लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि शब्दातल्या अक्षरांची बेरीज करून सन सांगायची जुनी रीत आहे. मशीद बांधली, मूल जन्मलं, कुणी वारलं की असा शब्द शोधायचा ज्याची बेरीज त्या वर्षाएवढी भरेल. आपल्याकडेही जुन्या लेखांत शक शब्दांतून सांगत, तसलाच प्रकार. गालिबनं स्वतःच्या मृत्यूचा सन आगाऊ काढून ठेवला: ‘गालिब मुर्द’, म्हणजे गालिब मेला. बेरीज करून बघू. ‘गालिब’मध्ये चार अक्षरं: गैन 1000, अलिफ 1, लाम 30, बे 2. एकूण 1033. ‘मुर्द’मधला उकार लिहीत नाहीत, म्हणून तीनच: मीम 40, रे 200, दाल 4. एकूण 244. दोन्ही मिळून 1277. हिजरी 1277 म्हणजे इसवी सन 1860-61.

ते वर्ष आलं. दिल्लीत साथही आली, माणसं मेली. गालिब जिवंत राहिला. मीर मेहदी मजरूह या शिष्यानं चौकशी केली तेव्हा त्याचं उत्तर असं, की गणित बरोबर होतं, पण सरसकट सगळ्यांबरोबर साथीत मरणं मला माझ्या इभ्रतीला शोभेसं वाटलं नाही. तो गेला हिजरी 1285 मध्ये, म्हणजे स्वतःच्या बेरजेपेक्षा आठ वर्षं उशिरा.

हा किस्सा विनोद म्हणून सांगतात आणि तिथंच सोडतात. पण त्यातली मांडणी बघा. नाव ‘गालिब’, क्रियापद ‘मेला’, आणि हे लिहिणारा बाजूला बसून बेरीज तपासतोय. मेला तो आणि मोजणारा तो, एकच माणूस. दुसऱ्या एका शेरात तो विचारतो, की मरणाचा दिवस तर ठरलेला आहे, मग रात्रभर झोप का येत नाही? त्याची तक्रार मरणाबद्दल नसतेच. ती जागं राहण्याबद्दल असते.

‘मी’: आणखी एक पायताण

आता मक्त्याकडे. कवी शेवटच्या शेरात जे टोपणनाव घालतो त्याला तखल्लुस म्हणतात. गालिबचा पहिला तखल्लुस ‘असद’, म्हणजे सिंह. पुढं त्यानं ‘गालिब’ घेतला. ‘गालिब’ म्हणजे वरचढ, जिंकणारा. कर्जात बुडालेल्या माणसाचं टोपणनाव विजेता!

तखल्लुसाचा मूळ उपयोग सहीसारखा. लोक गझल तोंडी फिरवत, नाव आत गुंफलं की मालकी राहते. पण कुठल्याही कवीला ही सही करताना स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करावा लागतो. ‘मी’ म्हणता येत नाही, ‘गालिब’ म्हणावं लागतं. इतरांनी ही सक्ती निभावली. गालिबनं तिचा अड्डा केला. स्वतःकडे बाहेरून बघायला त्याला कवितेनंच जागा दिली होती, आणि तो तिथून उठलाच नाही.

एका पत्रात तो हे सरळ सांगतो: मी स्वतःला परका समजायला लागलोय. दुःख आलं की म्हणतो, घे, गालिबला आणखी एक जोडा बसला. (कोल्हापुरात ‘आणखी एक पायताण बसलं’ म्हणतील, आणि ते जास्त लागेल.) फार मिजास होती ना, की मी मोठा शायर, लांबपर्यंत माझा जवाब नाही? घे, आता सावकारांना जवाब दे.

त्या तीन शेरांच्या गझलेचा मधला शेर असा:

हुआ जब गम से यूँ बेहिस तो गम क्या सर के कटने का
न होता गर जुदा तन से तो जानू पर धरा होता

दुःखानं इतका बधिर झालो, की डोकं छाटलं गेल्याचं दुःख कसलं? धडावेगळं झालं नसतं तर गुडघ्यावरच ठेवलेलं असतं. दुःखात माणूस गुडघ्यात डोकं घालून बसतो, ते चित्र. आणि हा मक्ता:

हुई मुद्दत कि गालिब मर गया, पर याद आता है
वो हर इक बात पर कहना कि यूँ होता तो क्या होता

गालिब मेला त्याला आता जमाना झाला, पण त्याची आठवण येते. प्रत्येक गोष्टीवर ‘असं झालं असतं तर काय झालं असतं’ म्हणायची त्याची ती खोड.

आता मतल्याकडे परत जा. तिथं त्यानं काय विचारलं होतं? ‘न होता मैं तो क्या होता’. मी नसतो तर काय झालं असतं? म्हणजे मक्त्यात ज्या खोडीची आठवण निघते, ती खोड आपण मतल्यातच ऐकलेली असते. मक्त्यात तो गेलेला आहे आणि कुणीतरी, बहुधा तोच, त्याची नक्कल करतोय. शेर सुटे असतात म्हणताना एवढी पुरवणी जोडायला हवी: कसलेला कवी पहिलं आणि शेवटचं पान असं बसवतो की साज मिटला तर ती एकमेकांवर येतात.

“पण हे तर तुकोबांनी आधीच सांगितलंय”

सांगितलंय.

आपुले मरण पाहिले म्यां डोळां । तो झाला सोहळा अनुपम्य ॥

आणि अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतंच. ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ऐकत वाढलेल्या माणसाला मक्ता परका वाटायचं कारण नाही, मांडणी तीच आहे. फरक आतल्या मालात आहे. तुकोबांचा ‘मी’ मरतो तेव्हा काहीतरी सुटतं, म्हणून तो सोहळा. गालिबचा ‘मी’ मरतो तेव्हा प्रश्न शिल्लक राहतो. ‘होने ने डुबोया’ इथपर्यंत तो संतांच्या वाटेनं येतो: असणं हेच बंधन, नसतो तर देवच असतो. पण शेवटचं पाऊल टाकत नाही. ‘देव असतो’ असं विधान न करता ‘काय असतं?’ विचारून थांबतो. या ओळीचा अर्थ ‘मी नसतो तर देव झालो असतो’ असाही लावतात आणि ‘मी नसतो तर काय बिघडलं असतं?’ असाही. दोन्ही व्याकरणात बसतात. एकच खरा धरून दुसरा खोडला तर शेर अर्धा होतो.

कोण मोठा, ही चर्चा आपल्याकडे लगेच सुरू होते. ती बाजूला ठेवलेली बरी.

“सगळं दारू आणि रडगाणंच ना?”

दारू, ती ओतून देणारा साकी, प्रेयसी, पतंग आणि दिवा ही गझलेची जुनी, ठरलेली भांडी आहेत. ती सगळ्यांकडे तीच असतात, त्यात काय शिजवलं ते बघायचं. गालिब स्वतः पीत होता हे खरं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. पण प्रत्येक प्याल्यात दारूच शोधणं जितकं भाबडं, तितकंच प्रत्येक प्याल्यात अध्यात्म शोधणं. राहिलं रडगाणं. वरचे शेर पुन्हा वाचा: छाटलेल्या डोक्याबद्दल तो जे बोलतो, ते रडणाऱ्याचं बोलणं आहे का?

खोटा गालिब कसा ओळखायचा

फॉरवर्डमध्ये सगळ्यात जास्त फिरणाऱ्या ओळी या:

उम्र भर गालिब यही भूल करता रहा
धूल चेहरे पर थी और आईना साफ करता रहा

कल्पना चांगली आहे. दीवानात मात्र ती नाही, आणि ते पाहायला दीवान उघडायचीही गरज नाही. मात्रा मोजा. पहिली ओळ 22 भरते, दुसरी 31. उर्दूच्या सगळ्या सवलती घेऊन दाबली तरी दोन ओळी एका मापात येत नाहीत. मग यमक बघा. ‘करता रहा’ दोन्हीकडे आलं, म्हणजे तो रदीफ झाला. त्याच्या आधी यमक हवं, आणि तिथं आहे ‘भूल’ व ‘साफ’. ही जोडी कुठल्याच भाषेत जुळणार नाही. ज्या माणसानं ‘नुमायाँ’ आणि ‘पिन्हाँ’ जुळवले, तो ‘भूल’ला ‘साफ’ जुळवेल?

तिसरी खूण जरा नाजूक. बनावट शेरांत ‘गालिब’ हे नाव नुसतं हाक मारल्यासारखं येतं, उचलून तिथं ‘दोस्तों’ ठेवलं तरी काही बिघडत नाही. खऱ्या मक्त्यात नाव काढलं की डाव कोसळतो. चौथी आणि खात्रीची खूण म्हणजे दीवानच. तो छोटा आहे, कारण गालिबनं स्वतः निर्दयपणे निवडलेला. पहिल्यांदा 1841 मध्ये छापला गेला आणि त्याच्या हयातीत पाच वेळा निघाला. नागरीत त्याच्या आवृत्त्या सहज मिळतात. पहिली ओळ घेऊन शोधायचं. नाही सापडली तर पुढं पाठवताना खालचं नाव खोडायचं, एवढं तरी करावं.

उर्दू येत नसेल तर

शब्दार्थ दिलेली नागरी आवृत्ती घ्या आणि आधी छोट्या गझला उचला. रदीफ पेन्सिलीनं अधोरेखित करा, काफियांना गोल करा. पहिली ओळ वाचून थांबा आणि डाव कुठून पडेल याचा अंदाज करा. मग दुसरी वाचा. शेर हाती लागत नसेल तर शब्द गद्याच्या क्रमानं लावून बघा. ‘होने ने मुझको डुबोया’ असं सरळ लिहिलं की ‘होने’ हा कर्ता आहे हे दिसतं, आणि तिथंच निम्म्या लोकांची चूक होत असते. एका बैठकीला एक गझल भरपूर झाली. दहा वाचल्या की सगळे शेर एकमेकांत मिसळून मिसळीचा कट होतो.

मराठी माणसाचा घात अवघड शब्द करत नाहीत, ते तो कोशात बघतो. घात करतात ते ओळखीचे वाटणारे. ‘तो’ म्हणजे आपला ‘तो’ नव्हे, ‘तर’. मक्त्यातला ‘पर’ म्हणजे पंख नव्हे, ‘पण’. ‘गर’ फणसातला नाही, तो ‘जर’. ‘धरा’ म्हणजे पृथ्वी नाही आणि ‘पकडा’ही नाही, ‘ठेवलेलं’. आणि मधल्या शेरातल्या ‘जानू पर धरा होता’वर तरुण मंडळी हमखास गालात हसतात, त्यांच्यासाठी: हा ‘आजानुबाहू’मधला जानू, म्हणजे गुडघा. सिनेमातली जानू त्या शेरात कुठंही नाही.